सीट उचलून पाहा

वार्षिकांकासाठी साहित्य पाठविण्याचे आवाहन फलकावर लागले, त्या दिवशी मी संपादक मंडळातील एका मित्राला विचारले, "आमच्या व्हॅनवर लिहिले तर चालेल का?" त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या नखांतील काळ्या रेघांकडे पाहिले आणि म्हणाला, "अरे, हे कला महाविद्यालय आहे. गाडीवरचा लेख आय. टी. आय.च्या अंकात शोभेल." तो थट्टेने म्हणाला हे मला कळते. तरीही ते वाक्य डोक्यातून गेले नाही. हा लेख म्हणजे त्या वाक्याला दिलेले उत्तर समजावे. पानांना ऑइलचा वास आला, तर प्राध्यापकांनी आणि मित्रांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

आमची व्हॅन ही मारुतीची ओम्नी आहे. २००८ सालची, मालवाहू नोंदीची. पुढे दोन माणसे आणि मागे सगळी मोकळी जागा. एके काळी ती पांढरी होती असे म्हणतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनीच विकत घेतली. अण्णा आठवडी बाजार करतात. सोलापुरी चादरी, टॉवेल, पंचे, लहान मुलांचे कपडे असा माल भरायचा. वाईहून निघून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचे, दुसऱ्या दिवशी मेढ्याकडे, तिसऱ्या दिवशी आणखी कुठे. घरातील चार माणसांचा संसार, माझी बी. ए. आणि बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण, हे सारे त्या चार लहान चाकांवर चालले आहे.

ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' या साध्या नावाने भारतात आली. १९८८ साली तिचे 'ओम्नी' असे बारसे झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे पस्तीस वर्षे ती निघत राहिली. तीन सिलिंडरचे ७९६ सी.सी.चे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, मागे पाट्यांचे सस्पेन्शन, बाजूला सरकणारे दार. एवढ्या भांडवलावर तिने रुग्ण दवाखान्यात पोहोचविले, दूध आणि पाव वाटले, पोरे शाळेत सोडली, वऱ्हाडे नेली. आणि हिंदी चित्रपटांत नायिकेला पळवून नेण्याचे काम बहुधा तिच्याकडेच आले. सरकते दार पटकन उघडते, याचा तिथल्या खलनायकांनी पुरेपूर लाभ घेतला.

तिची एक खोड मात्र ती चालविणाऱ्यालाच ठाऊक असते. तिला पुढे बॉनेट नाही. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. उन्हाळ्यात बूड शेकते. इंजिन पाहायचे तर उठावे लागते आणि आपण ज्या सीटवर बसलो होतो तीच उचलावी लागते. मला या गोष्टीत काही विशेष वाटत नव्हते. गेल्या दिवाळीपासून वाटते.

गाडीचा परवाना हातात आला तेव्हा मला सर्वांत आधी जाणवली ती गोष्ट ही, की आपल्या व्हॅनमध्ये गाणी वाजत नाहीत. वर्गमित्रांच्या गाड्यांत वाजतात. मी शिष्यवृत्तीच्या पैशांतून एक जुना अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आणले. मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली आणि वायरिंग स्वतःच केले. डॅशबोर्डखाली जी जाड वायर हाताला लागली, तिचे आवरण ब्लेडने खरवडले, अँप्लिफायरची तार तिला पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. ती वायर रेडिएटरच्या पंख्याला वीज पुरवते, हे मला माहीत नव्हते. माहीत करून घ्यावे, असेही वाटले नाही. गाणी वाजली, मी खूश झालो.

चार दिवसांनी फ्यूज उडाला. आता मला कळते, की फ्यूज उडतो तेव्हा गाडी बोलत असते. "माझ्या या तारेवर झेपेल त्याहून जास्त ओझे आहे," एवढेच तिचे म्हणणे असते. मी ते ऐकले नाही. तिचे तोंड बंद केले. पंधरा अँपिअरचा फ्यूज काढून तिथे तीसचा बसविला. पुन्हा फ्यूज उडाला नाही. फ्यूज उडायचा थांबला, तेव्हा जळायची पाळी वायरच्या जोडावर आली. पिळलेला तो जोड तापत गेला, आवरण वितळले आणि एके दिवशी पंख्याची वीज तुटली. सपाट रस्त्यावर वारा समोरून येतो, पंखा नसला तरी निभावते. घाटात निभावत नाही.

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे हा आमच्या धंद्याचा हंगाम. या दिवसांत जेवढा माल जातो, तेवढा पुढे दोन महिन्यांत जात नाही. अण्णांनी व्यापाऱ्याकडून उधारीवर चादरींचे जादा गठ्ठे उचलले होते. त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता. ते म्हणाले, "तू माल घेऊन हो पुढं, मी एस. टी.नं येतो." मी व्हॅन भरली, गाणी लावली आणि पसरणीच्या घाटाला लागलो. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर रखडत चढत होती. निम्म्या घाटात तापमानाचा काटा वर सरकलेला दिसला. तो पुरता लाल रेघेवर गेला, तेव्हाही मी थांबलो नाही. जुन्या गाडीचा काटा, काहीतरी खोटे दाखवीत असेल, असे मनाशी म्हटले आणि पुढचे वळण घेतले. पंखा फिरत नाही हे आवाजावरून कळले असते. पण मी आवाज मोठा ठेवला होता.

मग सीटखालून वाफ आली. मी गाडी कडेला घेतली आणि घाबरून दुसरी चूक केली. कॅनमधले गार पाणी त्या तापलेल्या रेडिएटरमध्ये ओतले. हात भाजला तो भाग सोडून देऊ. तापलेल्या हेडला एकदम गार पाणी लागले, की ते वाकते. माझेही वाकले.

तेवढ्यात खालून एस. टी. आली. खिडकीत अण्णा होते. आपलीच व्हॅन वाफा सोडीत उभी आहे, हे त्यांनी वळणावरून पाहिले आणि कंडक्टरला सांगून ते उतरले. मला वाटले, आता चार लोकांत वाजणार. ते काही बोलले नाहीत. चाक फिरवून पाहावे तसे गाडीभोवती एकदा फिरले आणि विचारले, "काटा बघितला न्हाईस?"

"बघितला. मला वाटलं, खोटं दाखवतोय."

"काटा कशाला खोटं बोलंल? त्याला काय मिळायचंय?"

गेल्या तीन वर्षांत या महाविद्यालयात सत्याविषयी मी बरेच ऐकले आहे. इतके थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

एका ओळखीच्या बाजारकऱ्याच्या टेंपोत निम्मे गठ्ठे गेले, निम्मे रस्त्यावर राहिले. व्हॅन दोरी बांधून खाली आणली. एका मोठ्या वर्कशॉपने नुसते पाहून सांगितले, की या वयाच्या गाडीला इंजिन बदला नाहीतर भंगारात काढा. अण्णा तिथून निघाले आणि आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी ऑइलची कांडी ओढून मला दाखविली. तिच्यावर काळे ऑइल नव्हते; दुधाच्या चहासारखे काहीतरी होते. "पाणी ऑइलमधी आलंय. हेड गॅस्केट गेली," ते म्हणाले. हेड काढून लेथवर फेसिंग करून घेणे, नवी गॅस्केट, नवे ऑइल, पंख्याचे वायरिंग, असे सारे मिळून चौदा हजार रुपये आणि अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत आमचे मोठे बाजार हुकले. उरलेल्या चादरी अण्णांनी व्यापाऱ्याला परत नेऊन दिल्या. बहिणीच्या फीचा हप्ता दिवाळीनंतर भरायचा ठरला होता. तो तिने तिच्या कार्यालयात विनंती करून पुढे ढकलून घेतला. ती मला एक शब्द बोलली नाही. तिने बोलायला हवे होते.

हे सारे मी क्षमायाचनेसाठी लिहीत नाही. क्षमा मागायची ती घरी मागून झाली. त्या अकरा दिवसांत मिस्त्रींच्या शेडमध्ये पाने उचलून देता देता जे विचार मनात आले, ते आपणांपुढे मांडायचे आहेत.

पहिला विचार मालकीविषयी. आर. सी. बुकावर नाव असले म्हणजे माणूस गाडीचा मालक होतो, असे कायदा म्हणतो. मला वाटते, वस्तू काय सांगते हे ज्याला ऐकू येते, तो तिचा मालक. अण्णा सातवी शिकलेले आहेत. ते रोज सकाळी सीट उचलतात, ऑइलची कांडी पुसून पाहतात, इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पाहतात, टायर अंगठ्याने दाबतात, गाडीखाली जमिनीवर डाग पडला आहे का ते वाकून पाहतात. डाग हिरवा असेल तर कूलंट, काळा असेल तर ऑइल. नुसते पाणी असेल तर बहुधा घाबरण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा सरकत्या दाराच्या रुळावरची धूळ पुसून रोलरला ग्रीस लावतात. पावसाळ्याआधी पुढच्या काचेचे रबर तपासतात. कारण तिथून झिरपलेले पाणी पायाखालच्या मॅटमध्ये मुरते आणि पत्रा आतून सडतो, वरून काही दिसत नाही. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. मी परवाना मिळाल्यापासून गाडी चालवीत होतो, पण ती दहा मिनिटे मी एकदाही दिली नव्हती. मी गाडीचा प्रवासी होतो. फक्त स्टिअरिंगच्या बाजूला बसत होतो.

दुसरा विचार दोष शोधण्याच्या पद्धतीविषयी. मिस्त्री कोणत्याही गाडीला आल्याबरोबर पाना लावीत नाहीत. आधी मालकाला विचारतात: केव्हापासून होते? थंड असताना होते की तापल्यावर? चढाला की उताराला? शेवटचे काम कोणी, काय केले? मग पाहतात, मग हुंगतात, मग ऐकतात. हात त्यानंतर. पाना सर्वांत शेवटी. एक प्लग काढून त्यांनी मला त्याचे टोक दाखविले. फिकट चॉकलेटी रंग म्हणजे जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडते आहे. ओलसर काळे म्हणजे ऑइल वर येते आहे. पांढुरके पडले असेल तर सिलिंडर फाजील तापतो आहे. ते बोटाएवढे टोक पाहून ते आतल्या ज्वाळेविषयी सांगत होते. आम्ही कवितेचा तास करतो तेव्हा सर हेच सांगतात: आधी पुन्हा वाचा, संदर्भ पाहा, मागचापुढचा शब्द पाहा, घाईने अर्थ चिकटवू नका. ही पद्धत मी परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. काट्यापुढे बसल्यावर मात्र घाईने अर्थ चिकटवून मोकळा झालो, की काटा खोटा आहे.

शिकलेले उपयोगी पडते का, हे पाहण्याची संधी लौकरच आली. माघाच्या थंडीत एके पहाटे व्हॅन सुरू होईना. किल्ली फिरवली की 'टक्' असा एक आवाज आणि पुढे शांतता. पूर्वीचा मी असतो तर नव्या बॅटरीची किंमत विचारायला गेलो असतो. मी दिवे लावले. उजेड चांगला होता. दिवे तसेच ठेवून किल्ली फिरवली. दिवे विझल्यासारखे झाले. म्हणजे थोडी वीज जाते, जास्त मागितली की कुठेतरी अडते. दोन-तीनदा किल्ली फिरवून बॅटरीच्या टोकांना हात लावला, तर एक टोक चटकन कोमट झालेले लागले. क्लॅम्प काढला. आत पांढरी-हिरवी पूड साचली होती. गरम पाण्याने धुतले, कानसपेपरने घासले, घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावले. व्हॅन पहिल्या झटक्याला सुरू झाली. खर्च शून्य रुपये. अण्णा ओसरीवरून म्हणाले, "चला, निघू या." यापेक्षा अधिक कौतुक आमच्या घरात कोणी कोणाचे करीत नाही.

तिसरा विचार गाडीत करावयाच्या बदलांविषयी, आणि तो थोडा वादाचा आहे. आपल्या वाहनतळावर उभ्या असलेल्या गाड्या पाहा. कोणाचा हॉर्न आगगाडीचा, कोणाचा सायलेन्सर फाडलेला, कोणाचे दिवे समोरच्याचे डोळे दिपविणारे. "गाडी माझी आहे, मी काहीही करीन," असा युक्तिवाद असतो. कायदा तो मानीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने नोंदणीतील तपशिलांपेक्षा वेगळे होईल असा बदल गाडीत करायला बंदी केली आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. परंतु मी कायद्याच्या आधारे वाद घालणार नाही. दंडाच्या भीतीने सुधारलेला माणूस चौकातून पोलीस गेला की पुन्हा तसाच होतो.

माझे म्हणणे एवढेच, की गाडीतील कोणतीही वायर, कोणतीही मोकळी जागा रिकामटेकडी नसते. तुम्ही नवीन काही जोडता तेव्हा ते कोणाच्या तरी वाट्यातून घेता. मी गाणी पंख्याच्या वाट्यातून घेतली. फाडलेल्या सायलेन्सरचा रुबाब शेजारच्या आजारी म्हातारीच्या झोपेतून येतो. दिपविणारा दिवा समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या नजरेतून येतो. आणि सर्वांत भयंकर बदल म्हणजे घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीत ठेवून त्यावर इंजिन चालविणे. हे बेकायदा आहे, तरीही जुन्या व्हॅनमध्ये हा प्रकार होत आला आहे; कधी कधी तर शाळेची मुले बसतात त्याच गाडीत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. ओम्नीचे इंजिन, म्हणजे ठिणगीची जागा, तिथेच सीटखाली आहे. वाहनांसाठी मान्यताप्राप्त गॅसकिट वेगळे असते. त्याची टाकी आणि व्हॉल्व्ह वेगळे असतात, आणि त्याची नोंद आर. टी. ओ.त करावी लागते. पैसे वाचतात म्हणून ज्याने स्वयंपाकघरातला सिलिंडर गाडीत आडवा केला, त्याने ते पैसे कोणाच्या वाट्यातून घेतले हे सांगायला नको.

म्हणजे गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवावी, असे माझे मत आहे काय? मुळीच नाही. अण्णांनी आणि मिस्त्रींनी आमच्या व्हॅनमध्ये काही कामे करून घेतली आहेत. पुढच्या दिव्यांना रिले बसविला. त्यामुळे दिव्यांची वीज लहानशा स्विचमधून न जाता बॅटरीकडून थेट, स्वतंत्र फ्यूजमधून जाते, स्विच तापत नाही आणि दिवा आहे तेवढ्याच ताकदीचा राहूनही नीट लागतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या जुन्या नळ्या काढून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घातल्या. मागे माल सरकू नये म्हणून गठ्ठे बांधण्यासाठी पट्टे केले. या कामांनी कोणाच्या वाट्याचे काही घेतले नाही. जे काम गाडी आधीपासून करीत होती, तेच तिला सोपे केले. माझ्या मते चांगला आणि वाईट बदल ओळखण्याची एवढी एक कसोटी पुरे. माझा अँप्लिफायर मी विकून टाकला. अर्धी किंमतही आली नाही.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला व्यवहारी मित्रांचा: "इतकी खटपट कशाला? जुनी गाडी मोडीत द्या, हप्त्यावर नवी घ्या." सरकारचे धोरणही काहीसे त्याच दिशेचे आहे. २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. पंधरा वर्षांपुढील वाहनांच्या नोंदणीची आणि फिटनेसची शुल्के २०२२ पासून पुष्कळ वाढली. आमच्या व्हॅनला दरवर्षी फिटनेसला उभे राहावे लागते. त्याविषयी माझी तक्रार नाही. ज्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, ती रस्त्यावर नकोच. मात्र वय आणि नादुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही. गाडी तपासावी, जन्मसाल पाहून शिक्षा करू नये. बाजारकऱ्याला हप्ता ही गोष्ट दर महिन्याला भेटते. गिऱ्हाईक दर महिन्याला भेटेलच असे नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि तो माझ्याच मनातला आहे. जुने ते सोने म्हणत आपण या गाडीच्या प्रेमात तर पडलो नाही ना? ओम्नी थांबली ती उगीच नाही. टकरीच्या चाचणीचे नवे सुरक्षानियम आले आणि त्यांत तिचा तो चपटा चेहरा बसेना. चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये एक पत्रा आहे, हे मला प्रत्येक घाटात आठवते. ही उणीव कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही. म्हणून आमच्या गाडीत पट्टा बांधल्याशिवाय किल्ली फिरत नाही, पन्नासच्या वर काटा जात नाही, आणि बहिणीला नाशिकला न्यायचे झाले की आम्ही एस. टी.ने जातो. ज्या दिवशी खालचा सांगाडा सडलेला निघेल, त्या दिवशी ती मोडीत जाईल, असे अण्णांनी आताच सांगून ठेवले आहे. वस्तू जपणे आणि वस्तूला कवटाळून बसणे यांत फरक आहे. तो फरकही सीट उचलून पाहणाऱ्यालाच कळतो.

शेवटी त्या मित्राच्या वाक्याकडे येतो. आय. टी. आय.त हात शिकवायचे आणि आपल्याकडे डोके, अशी वाटणी कोणी केली? आपल्याच भागातील दोन माणसे आठवा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दोष आहे असे दिसल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. कर्मवीर भाऊराव पाटील तरुणपणी त्याच किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव हिंडले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ साली 'कमवा आणि शिका' या पायावर साताऱ्यात महाविद्यालय काढले. त्या वसतिगृहांत पुस्तक आणि कुदळ एकाच हातात असे. आपण त्यांच्या जयंतीला भाषणे करतो, आणि भाषण संपल्यावर माइक बिघडला तर शिपाईमामांना हाक मारतो.

माझी प्राचार्यांना आणि विद्यार्थी मंडळाला एक नम्र सूचना आहे. आठवड्यातून एक तास दुरुस्तीसाठी ठेवावा. गावातील एखाद्या मिस्त्रीला, सुताराला, शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्याला मानधन देऊन बोलवावे आणि त्यांना 'सर' म्हणावे. वर्गातील मोडका पंखा, ग्रंथालयातील सुटलेल्या बांधणीची पुस्तके, वाहनतळावरील सायकली, एवढा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला पुष्कळ झाला. परीक्षा घेऊ नये. पंखा फिरला की विद्यार्थी उत्तीर्ण.

बी. ए. झाल्यावर मी काय करणार, असे मला विचारतात. बी. एड. करून शिक्षक व्हावे असे मनात आहे. तोवर सकाळी सीट उचलण्याचे काम अण्णांनी माझ्याकडे दिले आहे. बहिणीचा तो हप्ता फाल्गुनात भरला. व्हॅनमध्ये आता गाणी नाहीत. घाट चढताना अधूनमधून पंखा सुरू झाल्याचा घूं घूं आवाज येतो, आणि तो आला की अण्णा आणि मी, दोघेही, काही न बोलता काट्याकडे पाहतो.

— तृतीय वर्ष कला (मराठी)